लुसियाची पहाट: १३ डिसेंबरचा स्वीडिश प्रकाशोत्सव घरी कसा करावा

स्वीडनमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाची लुसियाशी पहिली गाठ बहुधा मुलाच्या बालवाडीतून आलेल्या चिठ्ठीमुळे पडते. १३ डिसेंबरला सकाळी लवकर यावे, मुलाला पांढरा झगा घालावा, हातात बॅटरीवर चालणारी मेणबत्ती द्यावी, असे तिच्यात लिहिलेले असते. हे सगळे कशासाठी, हे मात्र लिहिलेले नसते, कारण लिहिणाऱ्याला ते सांगण्याची गरजच वाटत नाही. पुढचे टिपण अशा पालकांसाठी आहे, आणि चार घरांनी मिळून ही पहाट आपल्याच दिवाणखान्यात करून पाहावी, अशी इच्छा असणाऱ्यांसाठीही आहे.

तयारीला बहुतेक लोक मुकुटापासून सुरुवात करतात. माझ्या मते ती खिडकीच्या पडद्यांपासून करावी. लुसिया हा दिवे लावण्याचा सण असला तरी त्याची सगळी किमया दिवा येण्यापूर्वीच्या अंधारात आहे, आणि आजच्या घरात सर्वांत दुर्मिळ झालेली वस्तू तीच आहे. स्टॉकहोममध्ये त्या दिवशी सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि दुपारी पावणेतीनच्या सुमारास मावळतो. अगदी उत्तरेकडच्या किरुनामध्ये तर त्या दिवसांत तो क्षितिजावर दिसतच नाही. एवढा अंधार फुकट मिळत असूनही बैठकीच्या खोलीतला टीव्हीचा लाल ठिपका, स्वयंपाकघरातल्या ओव्हनचे घड्याळ आणि पाहुण्यांच्या हातातले मोबाइल मिळून त्याची वाट लावतात.

तारीख हीच का

कार्यक्रम पुढच्या रविवारी ढकलण्याचा मोह होतो, तो आवरावा. लुसियाला वार नसतो, तारीख असते. हा सुटीचा दिवस नाही. म्हणूनच तो कामावर आणि शाळेत जाण्याआधी, पहाटे साजरा होतो.

या तारखेमागे पंचांगाची एक जुनी चूक आहे. युरोपात पूर्वी चालणाऱ्या ज्युलियन पंचांगाचे वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. ही मिनिटे साचत जाऊन चौदाव्या शतकात हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस १३ डिसेंबरच्या आसपास येऊन ठेपला होता. स्वीडनने १७५३ मध्ये ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो ते, पंचांग स्वीकारले आणि मधले ११ दिवस गाळले, तेव्हा सर्वांत लांब रात्र २१-२२ डिसेंबरकडे गेली. लुसियाचा दिवस मात्र १३ तारखेलाच राहिला, आणि ‘लुसीची लांब रात्र’ ही लोकांच्या तोंडची म्हणही त्याच तारखेला चिकटून राहिली.

त्या लांब रात्रीविषयीच्या समजुती फारशा गोड नाहीत. नॉर्वे आणि पश्चिम स्वीडनच्या खेड्यांत लुसी नावाची एक भयंकर बाई त्या रात्री आपल्या भुताखेतांच्या लवाजम्यासह हवेतून फिरते, असे मानले जाई. नाताळपूर्वीची मळणी, सूतकताई आणि घरकामे त्या रात्रीपर्यंत उरकलेली नसतील तर ती धुराड्यातून खाली उतरून शिक्षा करते, उनाड मुलांना उचलून नेते, असा धाक असे. गोठ्यातली जनावरे त्या रात्री माणसासारखी बोलतात, म्हणून त्यांना वाढीव चारा घालावा. माणसांनीही उजाडण्यापूर्वी एकदा नव्हे, अनेकदा न्याहारी करावी, अशीही रीत होती. काही ठिकाणी लुसी ही आदामाची पहिली बायको होती आणि तिची अदृश्य पोरे जमिनीखाली राहतात, असेही सांगत. ‘लुसी’ आणि ‘लुसिफर’ या नावांतले साम्य लोकांच्या कानांनी अचूक टिपले होते. आपण मुलांना गोष्ट सांगणार असू तर ही बाजू गाळू नये. पांढऱ्या झग्यातली लुसिया का हवीशी वाटते, हे तिच्याशिवाय कळत नाही.

दुसरी बाजू इटलीच्या सिसिली बेटाची आहे. सिरॅक्यूज शहरातील लुसिया ही ख्रिस्ती तरुणी रोमन सम्राट डायोक्लेशनच्या काळातील छळात, परंपरेनुसार इ.स. ३०४ मध्ये, हुतात्मा झाली. तिने लग्नाला नकार दिला, चिडलेल्या वराने तिची चुगली केली, बैलांच्या जोड्या लावूनही तिला जागेवरून हलवता आले नाही आणि आगीने तिला जाळले नाही, अशा कथा आहेत. चित्रांत ती अनेकदा तबकात स्वतःचे डोळे घेऊन उभी असते, कारण डोळ्यांचे विकार असणारे लोक तिचा धावा करतात. तिचे नाव ‘लुक्स’ म्हणजे प्रकाश या लॅटिन शब्दाशी जोडलेले आहे. भुयारात लपलेल्या ख्रिस्ती लोकांना ती अन्न नेत असे आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून डोक्यावर दिवे बांधत असे, ही कथा स्वीडनमध्ये मुकुटाचे कारण म्हणून सांगितली जाते. कथा म्हणून ती सुंदर आहे, इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकू नये. सिसिलीत आजही त्या दिवशी चांदीच्या मूर्तीची मिरवणूक निघते आणि पाव व पास्ता वर्ज्य करून ‘कुच्चिया’ हा शिजवलेल्या अख्ख्या गव्हाचा पदार्थ खातात. १६४६ च्या दुष्काळात गव्हाने भरलेली जहाजे संताच्या कृपेने बंदरात आली आणि दळत बसायला धीर नसलेल्या लोकांनी गहू तसाच शिजवून खाल्ला, अशी त्यामागची आठवण आहे.

सोळाव्या शतकात स्वीडन ल्युथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, झाले आणि संतांची पूजा तिथे मागे पडली. लुसियाचे नाव पंचांगात उरले ते कामाचा मुदतीचा दिवस म्हणून. १७६४ मध्ये वेस्टरयोटलंड प्रांतातील एका जमीनदारी वाड्यात मुक्कामाला असलेला पाहुणा पहाटे गाण्याने जागा झाला आणि त्याला पेटत्या मेणबत्त्या घेऊन उभी असलेली पांढऱ्या वस्त्रांतली तरुणी दिसली. पांढऱ्या लुसियाची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. डोक्यावर दिव्यांचा मुकुट घालून बाळ येशूच्या नावाने भेटी वाटणारी मुलगी ही जर्मन प्रोटेस्टंट घरांतली प्रथा होती, आणि स्वीडिश लुसियाचे रूप तिच्यावरून आले असावे, असे लोकसंस्कृतीचे अभ्यासक मानतात. दीर्घकाळ ही व्हेनेर्न सरोवराभोवतालच्या पश्चिम भागाचीच रीत होती. स्टॉकहोममध्ये १८९१ साली स्थापन झालेल्या स्कानसेन या खुल्या संग्रहालयाने ती राजधानीच्या लोकांना दाखवली, आणि १९२७ मध्ये एका स्टॉकहोमी वृत्तपत्राने लुसिया निवडण्याची स्पर्धा घेतल्यावर ती देशभर पसरली. ‘अनादिकालापासून’ चालत आलेल्या बऱ्याच प्रथांचे वय असे वर्तमानपत्राच्या वयाहून कमी भरते.

आदल्या दिवशी: लुसेकात्त

१२ तारखेची संध्याकाळ भट्टीसाठी राखून ठेवावी. लुसियाचा पाव म्हणजे ‘लुसेकात्त’, शब्दशः लुसीचे मांजर. मांजराच्या रूपात येणाऱ्या सैतानाला केशराच्या झगझगीत पिवळ्या रंगाने दूर ठेवावे, या समजुतीशी हे नाव जोडतात. मराठी घराला हा पाव सोपा जातो, कारण त्यातले दोन मुख्य जिन्नस, केशर आणि चक्का, आपल्या ओळखीचे आहेत. स्वीडिश दुकानात ‘क्वार्ग’ किंवा ‘केसेला’ या नावांनी मिळणारा पदार्थ चक्क्याच्या इतका जवळचा आहे की तिकडची मराठी मंडळी त्याचेच श्रीखंड करतात. पावात तो घालतात याचे कारण असे की केशराचा पाव फार लवकर कोरडा पडतो, आणि चक्का त्याला दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ ठेवतो.

सोळा ते अठरा पावांसाठी ५०० ग्रॅम मैदा, २५० मिलिलिटर दूध, ७५ ग्रॅम लोणी, १२५ ग्रॅम चक्का, ८० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, ७ ग्रॅम कोरडे यीस्ट आणि अर्धा ग्रॅम केशर घ्यावे. स्वीडनमध्ये केशर अर्ध्या ग्रॅमच्याच पुड्यांत मिळते, त्यामुळे तोलण्याचा प्रश्न येत नाही. अर्धा ग्रॅम म्हणजे श्रीखंडाला लागणाऱ्या चार काड्या नव्हेत. पण ‘अजून थोडे’ म्हणून दुसरी पुडीही फोडू नये, कारण जास्त केशराने पाव कडवट होतो. काड्या थेट पिठात टाकण्याची चूक मी पहिल्या वर्षी केली होती, आणि पिवळ्या पावाऐवजी ठिपक्यांचा पाव मिळाला. केशर चमचाभर साखरेबरोबर खलबत्त्यात बारीक कुटावे, दोन चमचे गरम दुधात भिजवावे आणि शक्य तर तासभर तसेच ठेवावे.

लोणी वितळवून त्यात दूध घालावे आणि मिश्रण बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकेच, म्हणजे सुमारे ३७ अंशांवर ठेवावे. त्याहून बरेच गरम दूध यीस्ट मारून टाकते. त्यात यीस्ट, केशराचे दूध, साखर, मीठ, चक्का आणि शेवटी मैदा घालून दहा मिनिटे चांगले मळावे. पीठ पुरणपोळीच्या कणकेसारखे सैलसर आणि किंचित चिकट राहिले पाहिजे. हाताला चिकटते म्हणून वरून मैदा घालत गेल्यास पाव दगडासारखा होतो. झाकून पाऊण तास फुगू द्यावे. मग लिंबाएवढ्यापेक्षा थोडे मोठे गोळे करून प्रत्येकाची वीतभर लांब वळी करावी आणि तिची दोन टोके विरुद्ध दिशांना आत गुंडाळावीत, म्हणजे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा आकार होतो. प्रत्येक वेटोळ्याच्या मध्यभागी भिजवलेला बेदाणा असा खोल दाबावा की भट्टीत तो वर येऊन जळणार नाही. पुन्हा अर्धा तास ठेवून, वरून फेटलेले अंडे किंवा अंडे नको असल्यास दूध लावून, २२५ अंशांवर सात ते नऊ मिनिटे भाजावे. वेळ एवढीच, ओव्हनपासून दूर जाऊ नये. काढल्याबरोबर स्वच्छ पंच्याखाली झाकून गार करावे. मुलांना अशा दोन वळ्या एकमेकींवर आडव्या ठेवून चार वेटोळ्यांची ‘नाताळगाडी’ करायला फार आवडते.

सोबतीला ‘पेपरकाकूर’ ही आले, दालचिनी आणि लवंग घातलेली पातळ, कुरकुरीत बिस्किटे लागतात. ती विकत आणण्यात काही कमीपणा नाही. बरीच स्वीडिश घरेही तेच करतात. बिस्किट तळहातावर ठेवून मनात इच्छा धरावी आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने मध्ये दाबावे. बरोबर तीन तुकडे झाले तर इच्छा पुरी होते. तुकडे चार झाले तर पुढचे बिस्किट घेण्यास कोणाची हरकत नसते.

पोशाख आणि आग

लुसियाला पायघोळ पांढरा झगा, कमरेला लाल रेशमी फीत आणि डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट असतो; लाल फीत हुतात्म्याच्या रक्ताची खूण मानली जाते. तिच्यामागे चालणाऱ्या मुली म्हणजे ‘तेर्ना’, लुसियाच्या सख्या. त्यांचा झगाही पांढराच असतो, केसांत चंदेरी झिरमिळी किंवा पानांची वेल असते आणि हातात एकेक मेणबत्ती. मुलगे पांढरा झगा, सोनेरी तारे चिकटवलेली कागदाची उंच निमुळती टोपी आणि काठीला लावलेला तारा घेऊन येतात. ही ‘तारावाली’ मुले मुळात लुसियाची नव्हेत, तर ताऱ्यामागोमाग बेथलेहेमला गेलेल्या ज्ञानी पुरुषांच्या जुन्या मिरवणुकीतली आहेत. अगदी लहान मुलांना लाल टोपीचा ‘तोम्ते’, म्हणजे घरादाराची राखण करणारा बुटका, करावे. मुलाने ऐन वेळी झगा घालायला नकार दिला तर तोम्तेची टोपी बहुतेक भांडणे मिटवते. लुसिया कोण होणार यावर मात्र मोठ्यांतही रुसवेफुगवे होतात; चिठ्ठ्या टाकाव्यात आणि मुलग्याचे नाव निघाले तरी तोच लुसिया, असे आधीच ठरवून ठेवावे.

मुकुट पितळेचा किंवा पत्र्याचा विकत मिळतो आणि त्यावर लिंगन या सदाहरित झुडपाच्या डहाळ्या तारेने गुंडाळतात. लिंगन मिळाले नाही तर कुंडीतली कोणतीही टिकाऊ हिरवी डहाळी चालेल, फक्त ती वाळलेली नसावी.

आता मेणबत्त्यांविषयी स्पष्ट सांगतो. लहान मुलाच्या डोक्यावर खरी मेणबत्ती ठेवू नये. शाळांतही आता सर्रास बॅटरीवरचे मुकुट वापरतात आणि अंधार चांगला असेल तर त्यांचा प्रकाशही पुरतो. मोठी मुलगी खऱ्या ज्योतींचा मुकुट घालणार असेल तर तिचे केस घट्ट विंचरून बांधावेत, केसांवर कोणताही फवारा मारू नये, मुकुटाखाली ओला करून पिळलेला सुती रुमाल घालावा आणि झगा सुतीच असावा, कारण कृत्रिम धाग्याचे कापड वितळून अंगाला चिकटते. मेणबत्त्या कमी ओघळणाऱ्या आणि खाचेत घट्ट बसणाऱ्या घ्याव्यात. एका प्रौढ माणसाने ओला टॉवेल हातात घेऊन सर्व वेळ तिच्याजवळ राहावे आणि त्याने त्या काळात फोटो काढू नयेत. झिरमिळ्या माळलेल्या मुलींच्या हातात खरी ज्योत देऊच नये. चमकी क्षणात पेट घेते.

मिरवणूक

पाहुण्यांना सहा वाजता बोलवावे आणि साडेसहाला सुरुवात करावी. त्यांना खोलीत बसवून सर्व दिवे मालवावेत, उपकरणांचे ठिपके काळ्या चिकटपट्टीने झाकावेत, मोबाइल टोपलीत गोळा करावेत. खिडकीत आगमनकाळाचा, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार रविवारी एकेक ज्योत वाढवत नेण्याचा, चार मेणबत्त्यांचा दिवा ठेवला असेल, ज्यातल्या दोन किंवा तीन त्या तारखेपर्यंत पेटलेल्या असतात, तर तोही तेवढ्यापुरता विझवावा. मग काही करू नये. दोन-तीन मिनिटे सर्वांनी गप्प बसावे. लहान मुले कुजबुजतील, कोणीतरी खोकेल, होऊ द्यावे. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय पुढची मेणबत्ती नुसती मेणबत्तीच राहते.

गाणे आधी ऐकू यावे, उजेड नंतर दिसावा. म्हणून मिरवणूक शेजारच्या खोलीतून नव्हे, तर जिन्याखालून किंवा घराच्या दुसऱ्या टोकापासून निघावी. लुसियाच्या मुख्य गाण्याची चाल नेपल्सची आहे. मूळ इटालियन शब्द तिथल्या सांता लुचिया या किनाऱ्यावरच्या नौकाविहाराचे आहेत, आणि स्वीडिश लोकांनी त्याच चालीवर जड पावलांनी येणाऱ्या रात्रीचे व दारात उभ्या राहणाऱ्या प्रकाशाचे शब्द बसवले. स्वीडिश उच्चार जमत नसतील तर पहिले कडवे पाठ करून उरलेली चाल गुणगुणली तरी चालते. पुढे लुसिया, तिच्यामागे जोडीजोडीने सख्या, मग तारावाली मुले आणि शेवटी तोम्ते, असा क्रम ठेवावा. लुसियाने मान ताठ ठेवून, प्रत्येक तालाला एकच पाऊल टाकीत, वाटते त्याच्या निम्म्या वेगाने चालावे. समोर आल्यावर सर्वांनी अर्धवर्तुळात उभे राहून तीन-चार गाणी म्हणावीत. त्यांत स्टेफन नावाच्या मोतद्दाराचे आणि त्याच्या पाच घोड्यांचे जुने लोकगीत मुलग्यांच्या वाट्याला येते. घरच्या कार्यक्रमाला पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. नंतर पुन्हा मुख्य गाणे म्हणत, आल्या वाटेने, मिरवणूक परत जाते. गाण्याचा शेवटचा सूर विरेपर्यंत यजमानाने दिव्याच्या बटणाला हात लावू नये. सगळ्या तयारीत सर्वांत जास्त वेळा बिघडणारी गोष्ट हीच आहे, कारण टाळ्या वाजवण्याची आणि दिवा लावण्याची घाई कोणालातरी होतेच.

ज्यांना घरी जमणार नाही त्यांनी चर्चमधला किंवा शाळेतला कार्यक्रम पाहावा, किंवा स्वीडिश दूरचित्रवाणीवर त्या सकाळी होणारे प्रक्षेपण तरी अंधारात बसून पाहावे. १० डिसेंबरला नोबेल स्वीकारून हॉटेलात झोपलेल्या मानकऱ्यांच्या खोलीत पहाटे मेणबत्त्या घेऊन लुसिया शिरण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. पूर्वसूचना नसलेल्या पाहुण्याची त्या वेळी काय अवस्था होत असेल, याची कल्पना १७६४ च्या त्या नोंदीवरून येते.

मिरवणूक गेल्यावर एकच मंद दिवा लावून कॉफी द्यावी, मुलांना गरम दूध किंवा मद्य नसलेला मसालेदार ‘ग्लॉग’ द्यावा, त्यात बेदाणे आणि सोललेले बदाम टाकावेत. लुसेकात्त ओव्हनमध्ये दोन मिनिटे गरम करून आणावेत. आठपर्यंत सर्वांना कामावर आणि शाळेत निघायचे असते, आणि तेव्हाही बाहेर उजाडलेले नसते. मुलाचा झगा बालवाडीत पुन्हा लागणार असल्यामुळे कॉफीचा पेला त्याच्यापासून दूर ठेवावा. जे पाव त्या दिवशी संपणार नाहीत ते संध्याकाळची वाट न पाहता सकाळीच पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाकावेत. राहून गेलेच तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या चकत्या करून मंद आचेवर वाळवाव्यात, म्हणजे चहात बुडवायला केशरी टोस्ट होतात.